'पूर्वग्रह' या शब्दाची सुधारित नोंद

मानवाच्या इतिहासात एका दुर्गुणाला प्रथमच मोजपट्टी लागली ती नागपुरात, आणि त्या क्षणी उपस्थित असलेल्या नऊही जणांना प्रसंगाच्या ऐतिहासिकतेची पूर्ण जाणीव होती. निदान इतिवृत्तात तसे लिहिले आहे. प्रत्यक्षात मे महिना होता, बाहेर सेहेचाळीस अंश होते, मेंदूमापन प्रयोगशाळेतला एसी सकाळीच बंद पडला होता, आणि नऊपैकी सात जण कोपऱ्यातल्या एकमेव कूलरसमोरच्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते. आठव्याच्या कपाळाला पट्टी बांधलेली असल्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती. नववे श्रीरंग पांढरीपांडे. त्या खुर्चीवर तेच बसले होते.

पांढरीपांडे हे राज्य महाकोश कचेरीचे प्रमुख संपादक. शब्दांचे अर्थ ठरवणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी तीस वर्षे आवाज न चढवता केले होते. यंत्राच्या प्रात्यक्षिकाला कोशकाराचे काय काम, असा प्रश्न त्यांनाही पडला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मृण्मयी गावंडे यांनी तो सोडवला.

"सर, माणूस काय विचार करतो ते आम्हाला कळत नाही," त्या म्हणाल्या. "कधी करतो ते कळतं."

"कधी म्हणजे?"

"समोरच्या माणसाबद्दलची माहिती मेंदूत पोचली की एक तरंग उठतो. आम्ही त्याला आकलनतरंग म्हणतो. त्या माणसाबद्दल मत पक्कं झालं की दुसरा उठतो, तो निर्णयतरंग. आता सांगा, शहाण्या माणसात आधी कोणता उठायला पाहिजे?"

"आकलनतरंग."

"तसं झालं तर पट्टीवरचा दिवा हिरवा. उलट झालं तर लाल. एवढंच यंत्र आहे."

"आणि माणूस खोटं बोलला तर?"

"बोलू द्या ना! आम्ही त्याला बोलायला सांगतच नाही. फक्त तो प्रसंग आठवायला सांगतो. आठवताना दोन्ही तरंग मूळच्या क्रमानेच पुन्हा उठतात. माणूस चेहरा विसरतो, नाव विसरतो. क्रम नाही विसरत."

पांढरीपांड्यांना हे आवडले. जगात न विसरली जाणारी एखादी तरी गोष्ट आहे, आणि ती क्रमवारी आहे, याचा त्यांना कोशकार म्हणून आनंद झाला. येऊ घातलेल्या समन्याय कायद्यात एक कलम होते: एखाद्यावर ठपका ठेवणाऱ्या यंत्राने तीच गोष्ट मोजली पाहिजे, जी राज्याच्या अधिकृत कोशात त्या शब्दाखाली दिलेली असेल. तेव्हा 'पूर्वग्रह' म्हणजे काय ते महाकोशाने सांगायचे, आणि यंत्राने ते मोजायचे.

"किती दिवसांत द्याल व्याख्या?" डॉ. गावंड्यांनी विचारले.

"प अक्षर सध्या मेश्रामकडे आहे," पांढरीपांडे म्हणाले. "शुक्रवारी देतो."

*

धम्मपाल मेश्राम हे महाकोशाचे उपसंपादक. दोघे एकाच वर्षी कचेरीत लागले, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले, आणि तीस वर्षे एकमेकांच्या डब्यात हात घालत आले. पांढरीपांडे त्यांना 'धम्मपाल' म्हणत आणि 'अरे' म्हणत. मेश्राम त्यांना 'साहेब' म्हणत आणि 'अहो' म्हणत. हा व्यवहार कुणी ठरवला होता हे दोघांनाही सांगता आले नसते. कुणी विचारलेही नव्हते.

मेश्रामांनी शुक्रवारी चिठ्ठी पुढे सरकवली. महाकोशात आजही प्रत्येक शब्दाची नोंद आधी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर हाताने लिहितात, मग ती संगणकात जाते. चिठ्ठीवर लिहिले होते: 'पुरेशी माहिती मिळण्याआधी बनलेले, माहिती मिळाल्यावरही न हलणारे, प्रतिकूल मत.'

पांढरीपांड्यांनी बोटांनी शब्द मोजले. कचेरीचा नियम होता की व्याख्या नऊ शब्दांपुढे जाऊ नये. नियम त्यांनीच केला होता, आणि त्यापायी त्यांनी 'प्रेम' आणि 'मृत्यू' यांनाही सूट दिली नव्हती.

"दहा होतात," ते म्हणाले. "मधला तुकडा काढू."

"अजी, एक शब्द कमी करायला अख्खा तुकडा काऊन काढता?"

"तो परिणाम आहे. अर्थ नाही. आधी बनलं की झाला पूर्वग्रह. पुढे ते हललं की नाही हलला, हा त्या माणसाचा प्रश्न."

मेश्रामांनी चष्मा काढून डोळे चोळले. अलीकडे ते वारंवार चोळत. "साहेब, त्या शब्दाचा जीव त्या तुकड्यात आहे."

"कोशात जीव नसतो, धम्मपाल. अर्थ असतो."

हे वाक्य पांढरीपांड्यांना स्वतःलाच इतके आवडले की दुपारी त्यांनी ते आणखी दोघांना ऐकवले. लाल शाईने त्यांनी मधला तुकडा खोडला. उरले ते असे: 'पुरेशी माहिती मिळण्याआधी बनलेले प्रतिकूल मत.' सुटसुटीत. डौलदार. खाली त्यांनी सही केली आणि मेश्रामांनी नेहमीप्रमाणे तारीख घातली.

*

पहिल्या वर्षी शहर लाल झाले. नोकरीच्या मुलाखती घेणारे, घरे भाड्याने देणारे, शाळेत प्रवेश देणारे, मुली दाखवायला नेणारे आणि मुली पाहायला येणारे, सगळ्यांच्या कपाळी पट्ट्या आल्या आणि ज्याच्या कपाळी बघावे त्याच्या दिवा लाल. लोक फार दुखावले. आपल्या मनात असे काही आहे याचे त्यांना आश्चर्य वाटले नाही. ते दिसते याचे वाटले. लाल निघालेल्यांसाठी सहा आठवड्यांचे प्रबोधनवर्ग निघाले आणि जागा पुरेनात म्हणून मंगल कार्यालये घ्यावी लागली.

दुसऱ्या वर्षी परिचयसंच आला. तो कुणी शोधून काढला हे ठाऊक नाही. अशा शोधांचा मान सहसा कुणी मागायला येत नाही. कल्पना साधी होती. अर्जदाराला भेटण्याआधी त्याच्याबद्दलची तीन पाने माहिती वाचायची. आडनाव, मूळ वस्ती, आईवडिलांचे व्यवसाय, घरात शिजणारे अन्न, घरात साजरे होणारे दिवस, बैठकीतल्या भिंतीवरच्या तसबिरी. सगळे खरे असायचे, कुठेही अतिशयोक्ती नाही. 'पुरेशी' म्हणजे किती हे कोशात दिलेले नव्हते, म्हणून नियमांत तीन पाने धरली होती. वाचायला तीन मिनिटे लागत. आकलनतरंग उठे, रीतसर शमे, मग मन जिथे जायचे तिथे जाई, आणि दिवा हिरवा लागे.

पूर्वग्रहाचे प्रमाण शहाण्णव टक्क्यांनी घटले असे सरकारने जाहीर केले. प्रबोधनवर्ग ओस पडले, मंगल कार्यालयांत पुन्हा लग्ने लागू लागली. पांढरीपांड्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मेश्राम दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. स्टेजवर कोण आहे ते त्यांना आवाजावरून कळत होते, कारण एव्हाना त्यांना काचबिंदू झाल्याचे निदान झाले होते. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डाव्यात एका खिडकीएवढे जग उरले होते.

*

निवृत्तीला चार महिने राहिले, तेव्हा पांढरीपांड्यांनी बेत सांगितला.

महाकोशाचा शेवटचा खंड अपुरा होता. श, स, ह. तो निवृत्तीनंतर घरी बसून पुरा करायचा असे दोघांनी कधीचे ठरवले होते, पण चिठ्ठ्या वाचायला डोळे लागतात. वर्धा रोडवर 'निवांत' नावाचा ज्येष्ठांचा सहनिवास होता. तिथे ३०४ आणि ३०५ अशा लागून दोन सदनिका रिकाम्या होत्या.

"एकात मी, एकात तू. सकाळी सात ते अकरा मी चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या, तू अर्थ सांगायचा, मी लिहायचं. दोन वर्षांत खंड हातावेगळा. मुलीकडे गोंदियाला जाऊन काय करणार तू? टीव्ही ऐकणार?"

मेश्रामांची पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती. पांढरीपांड्यांनी लग्नच केले नव्हते. बेतात खोट काढायला कुणी नव्हते.

मेश्रामांनी चष्म्याची काच पुसली. मग म्हणाले, "तिथं मला घेतील काय?"

"न घ्यायला काय झालं? आता कायदा आहे. यंत्र आहे. व्याख्या आपणच दिली आहे!"

"हो. ते आहे."

मंगळवारी दोघे निवांतला गेले. फाटकावर पहारेकऱ्याने नावे विचारली, वहीत लिहून घेतली आणि आत सोडले. बाग छान होती. मेश्रामांनी बोगनवेलीच्या कमानीला हात लावून पाहिला. दोघांनी अर्ज भरले. मेश्रामांचा पांढरीपांड्यांनीच भरला, कारण रकाने बारीक होते.

पंधरा दिवसांनी दोन पत्रे आली. पांढरीपांड्यांचा अर्ज मंजूर होता. दुसरे पत्र त्यांनी कचेरीच्या टेबलावर मेश्रामांना वाचून दाखवले.

"'उपलब्ध माहितीचा सहानुभूतीने विचार करता, आपला आणि आमच्या सभासदांचा सहजीवनात मेळ बसणार नाही असे समितीचे मत झाले आहे. सातही सदस्यांच्या पट्टीवरच्या मतनोंदी सोबत जोडल्या आहेत. सर्व हिरव्या.'"

मेश्राम म्हणाले, "बरं."

"बरं काय? काहीतरी घोटाळा असेल. तुझ्या डोळ्यांचं काही असेल. तिथे जिना आहे, कदाचित त्यामुळे... मी जाऊन कागद बघतो. कागद बघितल्याशिवाय काही बोलण्यात अर्थ नाही."

"बघा."

"तू चिडला नाहीस?"

"चहा घेता काय?" मेश्रामांनी विचारले.

*

निवांतचे चिटणीस प्रफुल्ल काळीकर हे अत्यंत सज्जन गृहस्थ. निवृत्त वनाधिकारी. त्यांनी पांढरीपांड्यांना थंडगार पन्हे दिले आणि पंखा वाढवला.

"पांढरीपांडे साहेब, मला स्वतःला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. पण पूर्वग्रह असता तर दिवा लाल झाला असता ना बावा!"

"मग नाही म्हणायचं कारण काय?"

"माहिती. आम्ही सातही जणांनी संच वाचला. मी तर तीनदा वाचला. आमचा नियमच आहे, कुणालाही न वाचता नाही म्हणायचं नाही." त्यांनी कपाटातून फाईल काढली. "तुम्ही बघा ना. लपवण्यासारखं काही नाही."

पांढरीपांड्यांनी वाचायला घेतले. पहिल्या पानावर नाव, आडनाव, जन्म इंदोऱ्यात, वडील गिरणी कामगार. दुसऱ्या पानावर शिक्षण: एम.ए., पाली आणि मराठी, विद्यापीठात दुसरा क्रमांक. प्रकृती: काचबिंदू, जिन्याची अडचण नाही, लिफ्ट आहे. तिसऱ्या पानावर 'साजरे होणारे दिवस' या मथळ्याखाली लिहिले होते: 'चौदा एप्रिल. पाहुणे संभाव्य: चाळीस.' त्याखाली समितीतल्या कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, 'दरवर्षी.'

"माझा अर्ज वाचला होता का असा?"

"वाचला ना. तुमच्याकडे गणपतीला किती येतात?"

"साठ. सत्तरही होतात."

"वा!" काळीकर मनापासून म्हणाले. "बागेत मांडव घालू."

पांढरीपांड्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. तिसरे पान त्यांनी पुन्हा वाचले. मग फाईल मिटली. त्यांच्या मनात काहीतरी धप्पकन जागेवर बसले, आणि ते इतक्या उशिरा बसले याचा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यातही आला नाही.

तिथून ते थेट प्रयोगशाळेत गेले. एसी आता चालू होता. डॉ. गावंड्यांनी काळीकरांची मतनोंद पडद्यावर आणली. दोन ठळक रेषा, एकीमागून एक, पाठ्यपुस्तकात छापावी अशी.

"सर, नोंद निर्दोष आहे."

"पण त्याचं मत माहितीमुळे नाही बनलेलं! माहितीनंतर बनलं आहे फक्त."

"बरोबर. पण नंतर बनलं. तुमची व्याख्या तेवढंच विचारते."

"यंत्र दुसरं काही विचारू शकत नाही का?"

"शकतं की! फार सोपं आहे. माणसाला उलट माहिती द्यायची आणि बघायचं, निर्णयतरंग हलतो का. विद्यापीठात दुसरा आलाय, हलला? शांत माणूस आहे, हलला? काळीकरांचा नसता हलला. लाल पकडला असता आम्ही एका मिनिटात." त्या थांबल्या. "मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही असं काही व्याख्येत द्याल. 'न हलणारं' वगैरे. पण तुमचं पत्र आलं त्यात ते नव्हतं."

पांढरीपांडे पडद्याकडे बघत राहिले.

"म्हटलं, कोशवाल्यांना जास्त कळतं," डॉ. गावंडे म्हणाल्या.

*

पांढरीपांड्यांनी मेश्रामांच्या वतीने तक्रार लिहिली आणि साक्षीदार म्हणून स्वतःचे नाव घातले. समन्याय मंडळाची सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात झाली. अध्यक्ष श्रीमती लाभसेटवार होत्या; कडक, पण ऐकून घेणाऱ्या. कायद्यानुसार तक्रारदार आणि त्याचा साक्षीदार यांनाही पट्टी बांधावी लागे, कारण दुसऱ्यावर पूर्वग्रहाचा आरोप करणे हेही एक प्रतिकूल मतच असते. या कलमाला कुणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. फारच समतोल कलम होते ते.

सुनावणीपूर्वी बाहेरच्या बाकावर पांढरीपांड्यांनी मेश्रामांना सगळे सांगून टाकले. तो खोडलेला तुकडा, गावंडे बाईंचे बोलणे, सगळे. "माझी चूक आहे, धम्मपाल. पण आज मी आत सांगणार आहे. पत्र हातात आलं त्याच क्षणी, कागद बघायच्या आधीच, मला कळलं होतं की हा पूर्वग्रह आहे. माझा दिवा लाल झाला तर होऊ दे. तूही झालास तर आपण दोघे लाल. मंडळाला विचार करावा लागेल."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मेश्रामांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"मग? तीस वर्षं आहोत आपण बरोबर."

आत आधी मेश्रामांना पट्टी बांधली. अध्यक्षांनी सांगितले, "निवांत सहनिवास आपल्याला नाकारणार, हे मत तुमच्या मनात आलं तो प्रसंग आठवा."

मेश्रामांनी डोळे मिटले. ते त्यांना जड गेले नाही. दिवा लाल झाला. तंत्रज्ञाने पडद्यावरचा काळ वाचला. "निर्णयतरंग पत्राच्या आधीचा आहे. अर्जाच्याही आधीचा. फाटकावरच्या वहीत यांच्या नावापुढे आहे तीच वेळ."

"फाटकावर काय झालं होतं?" अध्यक्षांनी विचारले.

"काही नाही, बाई. पहारेकऱ्यानं नाव विचारलं. साहेबांचं लिहून घेतलं. माझं लिहून घेतलं आणि मग माझ्याकडे एकदा पाहिलं."

"बस?"

"बस."

"त्या वेळी सहनिवासाच्या समितीबद्दल तुमच्याकडे काय माहिती होती?"

"समितीबद्दल काही नव्हती. बाकी होती. साठ वर्षांची."

"ती या सात सदस्यांबद्दलची नव्हती."

"नव्हती," मेश्राम म्हणाले.

पांढरीपांडे उभे राहिले. "पण त्यांचं मत खरं निघालं! खरं निघालेल्या मताला पूर्वग्रह कसं म्हणता येईल?"

श्रीमती लाभसेटवारांनी समोरचे कोशाचे पान उचलले. "मत खरं निघालं की खोटं, याबद्दल व्याख्येत काही नाही. 'पुरेशी माहिती मिळण्याआधी बनलेले प्रतिकूल मत.' खाली सही आपलीच आहे ना?"

"हो."

"तक्रारदारांना एकच विचारते. नाकारतील असं वाटत होतं, तर अर्ज का केलात?"

"साहेब म्हणाले म्हणून," मेश्राम म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि मी चुकलो असतो तर बरं वाटलं असतं."

मग पांढरीपांड्यांना पट्टी बांधली. ती किंचित घट्ट होती. त्यांनी सगळे बळ एकवटून ते पत्र आठवले: कचेरीचे टेबल, लिफाफा, 'मेळ बसणार नाही', समोर चष्मा काढून बसलेला धम्मपाल. त्याच वेळी कळले होते, त्यांनी स्वतःला बजावले. त्याच वेळी.

पडद्यावर बराच वेळ काही उठले नाही. पत्र वाचून झाले, 'काहीतरी घोटाळा असेल' झाले, चहा झाला, आणि रेषा नागपूर-वर्धा रस्त्यासारखी सपाट राहिली. मग काळीकरांची खोली आली. पन्हे आले. फाईल उघडली. पहिले पान, सपाट. दुसरे पान, सपाट. तिसऱ्या पानावर आकलनतरंग उठला आणि त्याच्यामागून, रीतसर, निर्णयतरंग.

"हिरवा," तंत्रज्ञ म्हणाला. "साक्षीदार निःपूर्वग्रही."

खोलीत कुणीतरी कौतुकाने मान डोलवली. पांढरीपांड्यांनी पट्टी काढायला हात वर नेला तर त्यांना गाठ सापडेना. मेश्रामांनी उठून, चाचपडत, ती सोडवून दिली.

निकाल दोन पानी होता. सहनिवासाविरुद्धची तक्रार फेटाळली. तक्रारदाराच्या मनात सहनिवासाबद्दल पूर्वग्रह असल्याचे सिद्ध झाले. त्याने सहा आठवड्यांचा प्रबोधनवर्ग पूर्ण करावा.

बंगल्याच्या पायऱ्या उतरताना पांढरीपांड्यांनी मेश्रामांचा दंड धरला होता.

"मला खरंच वाटत होतं, की मला तेव्हाच कळलं होतं," पांढरीपांडे शेवटी म्हणाले.

"वाटलं असेल ना."

"तीस वर्षं, धम्मपाल. आणि मला तिसरं पान लागलं."

"तुम्ही कागद पाहिल्याशिवाय काही मानत नाही, साहेब. कोशाला असाच माणूस लागते." हे ते टोमणा म्हणून बोलले नव्हते, आणि पांढरीपांड्यांना तेच ऐकवेना. "पायऱ्या किती राहिल्या?"

"दोन."

*

वर्ग दर गुरुवारी असे. पांढरीपांडे मेश्रामांना रिक्षाने नेत. आत फक्त लाल निघालेल्यांना बसता येई, म्हणून ते व्हरांड्यात थांबत. पहिल्या गुरुवारी त्यांनी खिडकीतून मोजले: अकरा जण होते. एका बाईंना मुलाच्या शाळेने नाकारले होते. एका निवृत्त पोस्टमास्तरांना, कुरेशी त्यांचे नाव, आठ इमारतींनी नाकारले होते आणि नवव्या वेळी त्यांनी जिना चढायच्या आधीच उसासा टाकला होता. तो नोंदला गेला. अकराही जण तक्रार करायला गेलेले होते. ज्यांनी नाकारले होते त्यांच्यापैकी वर्गात कुणी नव्हते. ते सगळे आधी वाचून घेत.

शिकवणारी मुलगी हौशी होती. "समोरच्याला आधी संधी द्या," ती सांगत होती. अकरा जण वहीत लिहून घेत होते.

पांढरीपांड्यांनी व्याख्या दुरुस्त करायचे ठरवले. पण महाकोशात अर्थ कुणाच्या इच्छेने बदलत नाही. वर्षभरातल्या प्रत्यक्ष वापराचे दाखले जमवायचे, त्यांतून जो अर्थ निघेल तो लिहायचा, ही कचेरीची रीत. 'प्रेम' आणि 'मृत्यू' यांनाही ती लागू होती. पांढरीपांडे तीन आठवडे दाखले गोळा करत होते. वर्तमानपत्रांनी तो शब्द वापरणे कधीच सोडले होते. यंत्र लाल दाखवत नसताना कुणाला पूर्वग्रही म्हणणे हा अब्रूनुकसानीचा गुन्हा ठरला होता. भाषणांत तो नव्हता. वर्षभरात तो शब्द वापरला गेला होता फक्त समन्याय मंडळाच्या निकालांत. अकरा निकाल, अकरा दाखले.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ते सगळे मेश्रामांना वाचून दाखवले. वाचून झाल्यावर कोरी चिठ्ठी पुढे ओढली. प अक्षर अजून मेश्रामांकडेच होते.

"साहेब, लिहून घेता ना?" मेश्राम म्हणाले. "पूर्वग्रह. पुल्लिंगी. 'ज्याला नाकारले जाते, त्याच्या मनात आधीपासून असलेली नाकारले जाण्याची खात्री.'"

पांढरीपांड्यांचे पेन थांबले. "हे मी लिहिणार नाही."

"काऊन?"

"कारण हे खोटं आहे!"

"अकरापैकी एका दाखल्यात दुसरा अर्थ दाखवा. मी बदलतो."

"तुला पूर्वग्रह म्हणजे काय ते माहीत आहे, धम्मपाल. या अख्ख्या शहरात तुझ्याएवढं कुणाला..."

"मला माहीत आहे ते मी लिहिलं होतं एकदा," मेश्राम म्हणाले. "आता वापर असा आहे. वापर आहे तो लिहायचा, आपल्याला आवडते तो नाही. तुम्हीच शिकवलं. लिहा."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होते. ती होत नव्हती. पांढरीपांड्यांनी लिहिले. शब्द मोजले नाहीत.

"आणि जुना अर्थ?" त्यांनी विचारले. "त्याला आता काय म्हणायचं? ते जे काळीकर करतात, त्याला?"

मेश्रामांनी विचार केला. मनापासून केला, तीस वर्षांची सवय होती. "त्याला शब्द नाही राहिला," ते म्हणाले. "तो शब्द इकडे आला ना आता. तारीख घालू काय?"

त्यांनी चाचपडत चिठ्ठीचा कोपरा शोधला आणि तारीख घातली. ती थोडी तिरकी पडली.

पांढरीपांड्यांनी निवांतचा अर्ज मागे घेतला. काळीकरांना वाईट वाटले. ते दोनदा फोन करून तसे म्हणाले. मेश्राम वर्ग संपल्यावर मुलीकडे गोंदियाला गेले. श, स, ह यांच्या चिठ्ठ्या कचेरीत खोक्यांत आहेत.

३०४ आणि ३०५ एका दंतवैद्याने घेतल्या. मधली भिंत पाडून त्याने तिथे दवाखाना काढला आहे. तो सोमवारी बंद असतो.